आधी शटरला हात

फेब्रुवारी उतरणीला लागला की
सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे जोर धरतात
आणि आमच्या गल्लीतली हवा पिवळी होते.
चहाच्या बशीवर, हिशेबाच्या वहीवर,
पोस्टमनच्या भुवयांवर हळद.
काचेवर सकाळी बोटानं ओढलेली रेघ
जेवणवेळेपर्यंत बुजते.
अशा जागी इलाहीभाई मुजावर
कॅमेऱ्यांची भिंगं साफ करीत.
लोक म्हणत, गिरणीत बसून काळे कोट विकता की काय!
ते म्हणत, मग गिऱ्हाईक कुठनं येणार, सांगा?

पहिल्याच दिवशी मी शर्टाच्या टोकानं फिल्टर पुसला.
टेरिकॉटचा शर्ट, कोरडी हवा आणि माझा उत्साह.
जितकं घासलं तितकी धूळ
परत येऊन बसली,
आधीपेक्षा घट्ट.
"घासू नको," ते म्हणाले.
"घासलं की काच मनातनं तापते.
मग ती कुणालाही जवळ बोलावते."

भिंग धरायचं पालथं,
धुळीला नुसतं उडून भागत नाही,
पडायला जागा लागते.
रबरी पंपाचे चार दाब.
मग खारीच्या केसांचा ब्रश, त्याला बोट लावायचं नाही.
मग वाफ. मग धुऊन धुऊन विरलेलं मलमल,
मधून कडेकडे, गोल, एकदाच.

फुंकर नाही.
फुंकर कढत दुधाला, खरचटलेल्या गुडघ्याला,
डोळ्यात गेलेल्या कुसळाला.
फुंकरीत थुंकी असते आणि माया असते,
भिंगाला दोन्ही चालत नाही.
वाफेसाठी तोंड नुसतं 'हा' म्हणायला उघडतं.
एकाच छातीतून येतात दोघी,
एक गार, एक ऊन.
एवढा फरक शिकायला मला अख्खा एक हंगाम लागला.

पण या सगळ्याच्या आधी
ते उठत आणि दुकानाच्या लोखंडी शटरला
उजवा तळहात टेकवत.
दर वेळी. दिवसातून तीसदा.
गिऱ्हाइकांना वाटे, बरकतीसाठी काही पुटपुटतात.
हळकुंडं निवडणारी शेवंताबाई तर एकदा
शटरला हात लावून तो कपाळाला लावून गेली.
तिला ते काही बोलले नाहीत.
मला वर्षभरानं सांगितलं,
"अंगात वीज साठते रे. खुर्चीची, शर्टाची, चालण्याची.
ती लोखंडाला देऊन टाकायची,
मग काचेजवळ जायचं. एवढंच."

गेल्या दिवाळीपासून त्यांना धूसर दिसू लागलं.
कुणाच्याही भिंगातली बुरशी लांबून ओळखणारा माणूस,
स्वतःच्या डोळ्यातलं मात्र
दिव्याचा दोष म्हणत राहिला. बल्ब तीनदा बदलला.
मिरजेच्या दवाखान्यात वीस मिनिटांत
जुनं भिंग काढलं, नवं बसवलं.
डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच विचारलं,
पाकीट फोडण्याआधी हात कशाला लावला होता?
बाई हसल्या.
ते हसले नाहीत.

थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं.
खाटेच्या दांडीला तळहात टेकवतो,
मग त्यांची पापणी उघडतो.
त्याचा काही उपयोग नाही, मला माहीत आहे.
ते पडल्या पडल्या म्हणतात, "हां. आता."

काल दुकानात आले.
काळा चष्मा काढून
बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "यंदा हळद कमी आली का रे?
समदं पांढरं दिसतंय."

काउंटरवर पिवळा थर होता.
पोत्यांनी भरलेला ट्रक नुकताच गेला होता,
त्याची धूळ अजून खाली बसायची होती.
"नाही भाई," मी म्हणालो, "भरपूर आलीय.
भाव पडलाय इतकी."

ते उठले, शटरपाशी गेले,
हात टेकवला,
आणि या वेळी लगेच काढला नाही.